दोरीवरचा शेवटचा कागद

३ मार्च

मसुदा समितीला खोली मिळाली एकदाची! मोठ्या सभागृहात रंगकाम चालू आहे म्हणून आम्हाला ढकललं सरकारी इस्पितळाच्या मागच्या जुन्या धुणीघरात. देशाचं संविधान लिहायचं आणि कुठे, तर जिथे परवापर्यंत रोग्यांच्या चादरी वाळत होत्या तिथे. भिंतींत साबणाचा वास मुरलाय. या टोकापासून त्या टोकापर्यंत दोऱ्या, त्यांवर लाकडी चिमटे तसेच लटकलेले.

प्रोफेसर रुमाल नाकाला लावून दारातच उभे. कायद्याचे प्राध्यापक, त्यांना फक्त पुस्तकांचा वास चालतो. मला काय त्याचं? इतकी वर्षं जनावरांची डॉक्टर. अडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घातलेली बाई मी, साबण म्हणजे अत्तर! घर इथे राजधानीत, बंदराजवळ, तरी डोंगराकडच्या गुराख्यांनी निवडून दिलं तेही त्यामुळेच. "डॉक्टरीणबाई लाथ खातात पण जनावर सोडत नाहीत," असा प्रचार केला त्यांनी. दुसरं भाषण नाहीच.

अध्यक्ष मात्र दोऱ्या बघून खूश. म्हातारा ऐंशीला टेकला तरी डोळ्यांत खोडसाळपणा. म्हणाले, ज्याला जे कलम पटत नाही, त्याने हरकत कागदावर लिहून इथे चिमट्याने लावायची. पटलं, मिटलं, की काढायची. पण ज्याने लावली त्यानेच, स्वतःच्या हाताने! दुसऱ्याने बोट लावायचं नाही. दोऱ्या रिकाम्या झाल्या की मसुदा तयार. तोपर्यंत समिती उठायची नाही.

सगळे हसले. ठराव एकमताने पास, कामकाजाच्या नियमांत लिहूनसुद्धा टाकला. सगळ्यांत जोरात टाळ्या मामाच्या. मामा म्हणजे माझा सख्खा मामा, आईचा धाकटा भाऊ. समितीचा उपाध्यक्ष आहे. समितीत मी एकटी बाई आणि वर त्याची भाची, म्हणजे पहिल्याच दिवशी दोन प्रकारची कुजबुज. कुजबुजा म्हणावं!

४ मार्च

दोऱ्या भरल्या. मान वाकवून चालावं लागतं.

२२ मार्च

किनारा विरुद्ध डोंगर. किनाऱ्याकडे माणसं जास्त, आमच्याकडे जमीन जास्त. ते म्हणतात डोकी मोजा, आम्ही म्हणतो जिल्हे मोजा. आज तिसरा आठवडा. बंदर-कामगारांचा पुढारी (आम्ही त्याला बोटवाला म्हणतो) टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "डोंगरात राहतं कोण? शेळ्या!" मी म्हटलं, "हो, आणि त्यांची डॉक्टर तुमच्यासमोर बसलीय. जीभ दाखवा, बघू काय बिघडलंय." अध्यक्षांचा चहा नाकातून आला.

शेवटी दोन सभागृहं ठरली. एक डोक्यांचं, एक जिल्ह्यांचं. दोघांची संमती असल्याशिवाय कायदा नाही. बोटवाल्याने आपला कागद काढला, मी माझा. दोघांची तोंडं आंबट. मग बाहेर येऊन त्याने मला बिडी दिली आणि मी ती घेतली. ओढली मात्र नाही.

१० एप्रिल

आज कलम एकोणीस आलं. मामाने लिहिलेलं.

देशाच्या सुरक्षिततेला धोका वाटला तर सरकार कोणालाही सहा महिने खटल्याशिवाय अटकेत ठेवू शकेल.

हातातला कप खाली ठेवला. "वाटला तर" — कोणाला वाटला तर? हे वाक्य मला पाठ आहे! जुन्या राजवटीच्या हुकमात हाच शब्द होता. याच हुकमाखाली मामा चार वर्षं आत. अध्यक्ष आत. प्रोफेसरसुद्धा दोन महिने आत, अजून सांगतात जणू दोन जन्म काढले. अख्खी समिती तुरुंगातून आलेली. आणि किल्ली हातात आल्यावर काय केलं? तिला तेल लावून खिशात टाकली!

बाबांना नेलं तेव्हा मी कॉलेजात होते. सकाळची वेळ. दाढी अर्धी झालेली, गालावरचा फेससुद्धा पुसू दिला नाही. कुठे नेताय? उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी नाही, दुसऱ्या महिन्यात नाही. आई लोकरी टोपी आणि मोजे पिशवीत घालून डोंगराकडच्या तुरुंगात गेली, मग खाणीच्या तुरुंगात, मग पार सरहद्दीवर. सगळीकडे एकच — आमच्याकडे नाही. आणि बाबा होते कुठे? बंदरावरच्या जकातीच्या गोदामात. आमच्या गच्चीवरून त्याचं छप्पर दिसतं! आई रोज त्याच्या भिंतीला लागून बाजाराला जायची. थंडी संपता संपता ते तिथेच न्यूमोनियाने गेले, आणि तेव्हा कुठे आम्हाला पत्ता कळला. टोपी पिशवीतच राहिली.

मी उठले. कागदावर एकच ओळ लिहिली: हे कलम काढून टाका. चिमटा लावला. मामाने वर बघितलं, मग माझ्याकडे.

१४ एप्रिल, रविवार

मामा दर रविवारी जेवायला येतो. बाबा गेल्यापासून एकही रविवार चुकवलेला नाही, तुरुंगातले सोडून. दोन जिने चढून येतो, धापा टाकतो आणि तेच वाक्य — "ताई, एवढ्या उंच कशाला राहतेस गं, देवाच्या शेजारी?" आणि आईचं तेच उत्तर, "तुझं पोट कमी कर, जिना आपोआप कमी होईल."

आज बसल्या बसल्या मला म्हणाला, "कागद काढ."

"तू कलम काढ."

"अगं, उत्तरेला टोळ्या फिरतायत. बंदुका आहेत त्यांच्याकडे. पुरावा गोळा करेपर्यंत अर्धा देश पेटेल. आपण म्हणजे काय ते जुने राज्यकर्ते आहोत का? आपण आपले आहोत!"

"बाबांना नेणारा शिपाईही आपल्याच गल्लीतला होता, मामा."

त्याचा घास हातातच राहिला. आई म्हणाली, "ताटावर देश नको. बटाटे गार होतायत." आणि दोघांनाही जास्तीचे वाढले. सारखे. मोजून सारखे वाढते ती, लहानपणी आम्हा भावंडांना वाढायची तसे.

२ मे

मला नावं ठेवणं सुरू. ठेवा!

१९ मे

उत्तरेचा रेल्वेपूल उडवला. गाडीसकट.

२१ मे

आमच्या दवाखान्यातला कंपाउंडर त्या गाडीत होता. सुट्टी मीच दिली होती त्याला, सासुरवाडीला जायला. माझ्यापेक्षा चांगलं इंजेक्शन द्यायचा, घोड्याला कळायचंसुद्धा नाही.

आज समितीत कोणी ओरडलं नाही. मामा हळू आवाजात म्हणाला, "आता त्याच्या बायकोला जाऊन सांग की संशय होता, पण आम्ही धरलं नाही, कारण दोरीवर एक कागद होता." उठून दोरीपर्यंत गेले. चिमट्याला हात लावला. सगळे बघत होते.

नाही काढला. का, ते मलाही सांगता आलं नसतं. परत येऊन बसले.

२४ मे

कंपाउंडरच्या बायकोकडे गेले. तोंड काय दाखवायचं, पण गेले. मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. मीच विषय काढला. म्हटलं, संशयावरून धरायचा कायदा करतायत, मी अडवून बसलेय. तुला काय वाटतं?

ती मुलाच्या केसांतून हात फिरवत म्हणाली, "धरा की. पण ज्याने केलं त्याला धरा. दुसऱ्याच कोणाच्या घरातला माणूस उचललात, तर मला काय मिळालं? तिकडे अजून एक माझ्यासारखी बसणार."

घरी येऊन खूप रडले. आईने विचारलं नाही, पण आज तिने जेवताना मला जास्त वाढलं.

३० जून

माझा एकच कागद उरला. भाषा मिटली, जमीन मिटली, झेंड्याचे रंगसुद्धा मिटले (त्यात दोन खुर्च्या मोडल्या). भल्यामोठ्या धुणीघरात रिकाम्या दोऱ्या आणि मधोमध माझा कागद. उकाड्याने पिवळा पडलाय. पुढच्या महिन्यात संविधान सभेला मसुदा द्यायचाय, आणि माझ्यापाशी घोडं अडलंय.

वर्तमानपत्राने मला "चिमटाबाई" म्हटलंय. व्यंगचित्रही आहे — मी चिमट्याला लटकलेय आणि खाली सगळा देश वर बघतोय. नाक जरा लांब काढलंय, बाकी छान! कापून ठेवलं.

ठेकेदार-सभासद (रस्ते बांधतो, बोलतोही डांबरासारखं) आज म्हणाला, "बाई, तुम्ही एकट्या शहाण्या आणि आम्ही सगळे मूर्ख का?" मी म्हटलं, सगळे नाही.

५ जुलै

दोरी गेली!

सकाळी धुणीघरात पाय टाकते तर काय, सगळ्या दोऱ्या काढलेल्या. माझा कागद टेबलावर, वर पेपरवेट. म्हणे भिंतींना सफेदी करायचीय, सह्यांच्या दिवशी फोटो काढणार आहेत. आणि दोरीच नाही म्हटल्यावर दोरीवर हरकत कुठे आहे? ठेकेदार हसत होता. प्रोफेसरांनी नियमांचं पुस्तक उघडलं, मिटलं. कोणाची अक्कल ही? विचारलं तर सगळ्यांनी मिठाची गुळणी धरली. मामाकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता. त्याने केलं नसेल. पण अडवलंही नाही.

माझं डोकं फिरलं. वाकून जमिनीवरचा एक चिमटा उचलला आणि कागद सरळ माझ्या कोटाच्या खांद्याला लावला. म्हटलं, "नियमात दोरी किती लांब, किती उंच असं लिहिलेलं नाही. ही घ्या दोरी! चालती-बोलती दोरी! आता काढून दाखवा."

कोणी जागचं हललं नाही. बोटवाला आधी हसला, मग उठून उभा राहिला. नुसता उभा. माझ्या बाजूने मत देत नाही तो, कलम हवंय त्याला. तरी उभा राहिला.

दिवसभर तशीच फिरले. जेवणाच्या खोलीत, पायऱ्यांवर, बसमध्ये. बसमध्ये एका बाईने विचारलं, "हे किती रुपयाला?" तिला वाटलं किमतीची चिठ्ठी राहिलीय. म्हटलं, विकायचं नाही हो, म्हणून तर सगळा तमाशा!

६ जुलै

कोट अंगावरच. उकडतंय मरणाचं. काढणार नाही.

८ जुलै

अध्यक्षांनी घरी बोलावलं. बागेत खुर्च्या टाकल्या होत्या. पाय टबात, गरम पाण्यात. म्हणाले, "पोरी, मी नियम केला, मीच त्यात अडकलो. तो मोडून मसुदा पाठवता येईल. पण आपलाच पहिला नियम मोडून आपण काय लिहिणार? आणि तुझा कागद राहिला तर किनारा उठून जाईल. पुलावर मेले त्यांत त्यांची माणसं जास्त. संविधानच होणार नाही. मग बंदुकीवाल्यांचं आयतंच फावेल."

मी टबात आणखी गरम पाणी ओतलं. ते पुढे म्हणाले,

"सगळं तुला मिळणार नाही. सगळं मला तरी कुठे मिळालंय? मला एकच सभागृह हवं होतं. थोडंसं माग. पण असं माग, की ज्याच्या हातात किल्ली आहे त्याला ती जड वाटली पाहिजे."

मला राग आला त्यांचा. कारण खरं बोलत होते.

९ जुलै

आईला सगळं सांगितलं. ती गच्चीत कपडे वाळत घालत होती. (आमच्याकडची दोरी शाबूत!) समोर गोदामाचं छप्पर. मी म्हटलं, हरले असं समज. आता काय मागू?

आई म्हणाली, "मला तेव्हा काय हवं होतं सांगू? सोडा त्यांना, असंही नव्हतं गं. तेवढी आशा मी केलीच नाही. ज्याने नेलं त्याने एकदा इथे दारात उभं राहावं आणि माझ्या तोंडाकडे बघून सांगावं, बाई, तुमचा नवरा अमुक ठिकाणी आहे. बस. कागद नको, शिपाई नको. त्याने स्वतः."

आणि ओली चादर झटकली. माझ्या तोंडावर पाणी उडालं.

स्वतः. ज्याने लावला त्याने स्वतःच्या हाताने काढायचा. अरे देवा — नियम तर आमच्याकडे आधीच होता!

११ जुलै

आज लिहून नेलं. ज्याच्या सहीने माणूस अटकेत गेला, त्याने स्वतः त्या माणसाच्या घरी जावं. घरच्यांसमोर उभं राहून, तोंडी, तो कुठे आहे हे सांगावं. दुसऱ्या दिवशीचा सूर्य मावळायच्या आत. प्रतिनिधी चालणार नाही. तसं झालं नाही तर अटक रद्द. आणि सहा महिन्यांचे तीन करा.

गदारोळ! ठेकेदार — "मंत्र्याने काय पोस्टमन व्हायचं?" प्रोफेसर — "संविधान आहे हे, घरगुती भेटीगाठींचं वेळापत्रक नव्हे." पण मग त्यांनी चष्मा पुसला, परत वाचलं. हळूच म्हणाले, "सोडून दारातच पुन्हा धरलं तर? त्याच कारणासाठी पुन्हा अटक नाही, असं जोडा." आणि स्वतः लिहिलं, स्वतःच्या पेनने. दोन महिने आठवले असतील. बिचाऱ्याची टिंगल करते मी. आजच्यापुरती माघार.

मामा मोठ्याने हसला, सुटका झाल्यासारखा. "एवढंच ना? जाऊन सांगायचं? अगं, सांगेन की! जो देशासाठी सही करतो त्याला सांगायला कसली लाज? आणि जिने चढायची सवय आहे मला, तुझ्या आईने लावलीय."

सगळे हसले. मतदान झालं. पास.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी खांद्याकडे हात नेला. चिमट्याची तार गंजली होती, कोटाला डाग पडलाय. कागद काढला. अध्यक्षांनी टाळी वाजवली नाही, त्याबद्दल त्यांचे उपकार.

हे कलम वाईटच आहे. आज वाईट आहे, उद्याही वाईटच असणार. मी त्याला फक्त एक खोडा घातला. कागद फाडला नाही. घडी करून कपाटात ठेवलाय, चिमट्यासकट.

१ सप्टेंबर

सह्या झाल्या. माझी सही मामाच्या खाली. फोटोत डाग पडलेलाच कोट घातला. आई म्हणाली, दुसरा घाल. नाही घातला!

घरी आल्यावर आईने विचारलं, "माझी ओळ कुठे आहे? वाच." वाचून दाखवली. पुन्हा वाच म्हणाली. मग स्वयंपाकघरात ती ओळ पुटपुटत फिरत होती. मुलं पाढे म्हणतात तशी.

(पुढची पानं कोरी सोडलीत. दोन वर्षं गेली. लिहायला सवड कोणाला?)

१७ ऑगस्ट

पुन्हा लिहायला बसले, कारण पुन्हा भांडण.

मामा आता गृहमंत्री. लष्कराच्या गोळीबाराच्या सरावासाठी डोंगरातली कुरणं बंद केलीत. एका सहीने! गुरं हाडकुळी झाली. परवा एक गाभण गाय माझ्या हातात गेली, पोटात गवत नाही, नुसती माती. गुराखी विचारतात, डॉक्टरीणबाई, औषध काय? मी म्हटलं, औषध राजधानीत आहे. चला, गुरं घेऊन जाऊ. मोठ्या रस्त्यावर उभी करू, सचिवालयासमोर. शेण साहेबांनाच काढू दे!

मामाचा निरोप आला, "असलं काही करू नकोस. उत्तरेचे लोक यात घुसतील." मी उलटा निरोप धाडला, "घुसतात ते उपाशी लोक. रविवारी ये, बोलू." तो आला. बोललो. आईने बटाटे वाढले. काही उपयोग झाला नाही.

२८ ऑगस्ट, शुक्रवार

गुरं रस्त्यावर! इथपासून पार सचिवालयापर्यंत नुसत्या पाठी आणि शिंगं. एक रेडा मंत्र्यांच्या मोटारीला अंग घासत उभा होता. मी ट्रकवर चढून बोलत होते, वाक्य अर्धं राहिलं. चार जण आले. एक जण माझ्या ओळखीचा, त्याच्या कुत्र्याचा पाय मी बसवला होता. मान खाली घालून म्हणाला, "बाई, चला. कलम एकोणीस आहे."

हसूच आलं मला. काय करणार!

बंदराच्या ठाण्यात ठेवलंय. वही राहू दिली, पेनही. कोठडीला एक खिडकी आहे, उंचावर, त्यातून आभाळाचा तुकडा दिसतो. ठाणेदार भला माणूस, त्याने हुकूम दाखवला. खाली सही — मामाची. ती वळणदार, शेवटी खाली ओढलेली सही मी लहानपणी गंमत म्हणून गिरवायची.

आईला कळलं नसणार मी कुठे आहे. रस्त्यावर गर्दी, धूळ, कोण कोणाला सांगणार? उद्या सूर्य मावळेपर्यंत त्याला जावं लागेल. दोन जिने. दारात उभं राहून, तिच्या तोंडाकडे बघून. जाऊ दे त्याला! सांगू दे — ताई, तुझी पोरगी मी आत टाकली. बघू दे तिच्या तोंडाकडे!

एवढं लिहिलं आणि वाईट वाटलं. त्याच्याबद्दल नाही. आईबद्दल. नाही, दोघांबद्दल.

२९ ऑगस्ट, शनिवार

सुटले.

खिडकीतला तुकडा लाल झाला, मग राखाडी. ठाणेदार दोनदा फोनपर्यंत जाऊन आला. मग कुलूप काढलं. "खबर पोहोचल्याची नोंद आली नाही, बाई. कलमाप्रमाणे जा." त्याच्या आवाजात सुटकाच होती.

मी पळत घरी. जिना चढताना वाटलं, मामाला काही झालं तर नाही ना? आई गॅलरीत खुर्ची टाकून बसलेली, शाल गुंडाळून.

"मामा आला नाही?"

"आला होता की. दुपारपासून खालच्या पायरीवर बसला होता. वरून टक्कल दिसत होतं त्याचं. पाचदा उठला. एकदा पहिला जिना चढलासुद्धा. परत खाली जाऊन बसला."

"मग तू हाक नाही मारलीस?"

"मी कशाला मारू? हाक मारली असती तर चढला असता. चढला असता तर सांगितलं असतं. आणि त्याने एकदा सांगितलं की तू तीन महिने आत." शाल सारखी केली. "ओळ पाठ आहे मला. सकाळपासून दाराला आतून कडी घातली होती. शेजारीण सांगत होती तुला कुठे नेलंय ते, तिलाही म्हटलं, तू सांगून उपयोग नाही बाई, ज्याची सही आहे त्याला सांगू दे."

"आणि तो?"

"सूर्य बुडाला तसा उठला. वर बघितलं. मी इथेच होते, त्याला दिसत होते. मग डोळे पुसले आणि गेला."

उद्या रविवार. आईने विचारलं, ताटं तीन काढू ना? काढ म्हटलं. बटाटे सारखे वाढ. आणि सोमवारी सकाळी पुन्हा गुरं घेऊन रस्त्यावर!